४०० फुटात संसार होतो, पण आधी पत्र्याचं बघा

शेतात पत्र्याच्या कंटेनरचं छोटं घर करायचं म्हणताय आणि विचारलंय की ४०० चौरस फुटात कोंडल्यासारखं होतं का, अहो अमेरिकेतल्या बिल्डिंग कोडमध्ये टायनी हाऊसची, म्हणजे अगदी छोट्या घराची, मर्यादाच पोटमाळा सोडून ४०० चौरस फूट आहे, आणि आपल्याकडे तेवढ्यात चार माणसांचा संसार होतो, कौतुक कोणी करत नाही. आम्ही दोघं नाशिकला मखमलाबादला त्याहून लहान जागेत राहतो. कपाट एकच, धान्याच्या कोठ्या पलंगाखाली, जुने कपडे बोहारणीला द्यायचे पण बदल्यात भांडं घ्यायचं नाही हा बायकोचा नियम (बोहारीण वैतागते). पाहुण्यांचं मात्र अवघडे, २०२७ च्या सिंहस्थात सगळी भावकी आमच्याकडेच उतरणार, त्यांना गच्चीवर झोपवू.

बाकी तुम्ही गिरणाऱ्याकडे शेतात पत्र्याचा कंटेनर ठेवायचं म्हणताय, तर एप्रिल-मेमध्ये इकडे पारा ४० च्या आसपास जातो आणि दुपारी आत बसवत नाही, नुसता एसी लावून भागत नाही, छताला आतून इन्सुलेशन करा आणि वर फूटभर गॅप सोडून दुसरं शेड टाका म्हणजे मधून हवा खेळते. आणि कंटेनरला चाकं लावली की परवानगी लागत नाही असं एजंट सांगत असेल तर आधी तहसीलला जाऊन विचारा, मगच टोकन द्या.