दहावीला लेखनिक: आत्तापासून काय करू?

हर्णैची आई:
मुलगा नववीत आहे, डिस्लेक्सिया, म्हणजे वाचणं-लिहिणं जड जातं. तोंडी विचाराल तर कुठल्या वाऱ्याला कुठली मासळी मिळते इथपासून अफजलखानाच्या वधापर्यंत सगळं सांगेल. पेपरात मात्र दीड पान. त्याचे बाबा होडीवर, त्यामुळे मीच धावते. शाळेत एक जण म्हणाले, "दिसायला तर धडधाकट आहे की!" काय बोलणार? वेळ किती वाढवून मिळतो? लेखनिक, म्हणजे त्याने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा, कोण चालतो?

राजापूरचा निवृत्त मास्तर:
ताई, दिसण्याचा संबंधच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता त्यातलीच. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला पूर्ण एक तास. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, दहावीला नववीचा. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत रत्नागिरीला कोकण विभागीय मंडळाकडे जातो. पण त्याआधी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र! त्यालाच सगळ्यात जास्त खेटे पडतात. गणपतीनंतर बघू म्हणाल तर शिमगा येईल.

मालवणकर:
आमच्या चेडवाक लेखनिक गावलो, पण दोघांका सराव नाय. पयल्या पेपराक अर्धो तास "काय म्हटलंस?" करण्यातच गेलो.

हर्णैची आई:
मास्तर, उद्याच मुख्याध्यापकांना भेटते. शेजारचा आठवीतला पोरगा तयार आहे, पुढच्या वर्षी तो नववीत असेल. रविवारी दोघांना जुना पेपर घेऊन बसवते. दर पेपरामागे एक आंबावडी, हे त्याने आधीच ठरवून घेतलंय.