घरच्या सुतारकामासाठी लाकडाचा खर्च कसा कमी करावा?

प्रश्न (फोंडा)
घरच्या घरी सुतारकाम करण्याची मला मनापासून आवड आहे. पुस्तकांचे एक कपाट आणि पडवीत ठेवण्यासाठी एक बाक तयार करायचा आहे. हत्यारे जवळ आहेत, अडचण लाकडाची आहे. वखारीतला सागवानाचा भाव ऐकून घरची मंडळी तयार कपाटच घ्या म्हणतात. पडवीत पावसाची झड येते, त्यामुळे बाकासाठी तरी प्लायवूड नको, भरीव लाकूडच हवे. दर्जा राखून खर्च कुठे वाचेल? आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) एक फणस वाळत आला आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर (डिचोली)
आधी जुन्या घरांचे लाकूड पाहावे. कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर बांधतात, तेव्हा वासे, तुळया, चौकटी आणि खिडक्यांच्या झडपा एकगठ्ठा विकायला निघतात. त्यांत सागवान, माटी (ऐन), किंडळ (किंजळ), फणस असे लाकूड मिळते आणि ते वर्षानुवर्षे वाळलेले असल्यामुळे नव्या लाकडासारखे पिळत नाही.

घेताना मात्र मधला चांगला भाग पाहून भुलू नये, टोके तपासावीत. भिंतीत गाडलेले टोक ओल लागून अनेकदा कुजलेले असते. तेथे पटाशी दाबून पाहावी, ती सहज आत शिरली तर तेवढा भाग वगळून उरलेल्या लांबीचाच भाव करावा. टाचणीच्या डोक्याएवढी भोके असून त्यांतून पिठासारखा ताजा भुसा गळत असेल, तर किडा अजून आत आहे असे समजावे आणि तो तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नये. खिळ्यांसाठी लोहचुंबक फिरवल्याखेरीज रंधा लावू नये. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

उत्तर (मडगाव)
जुन्या लाकडाबाबत सहमत आहे, परंतु माझ्या मते अधिक पैसे वाचतात ते मापाच्या यादीत. लाकूड घनफुटावर विकले जाते. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करून १४४ ने भागले की घनफूट निघतात. ६ फूट लांब, ८ इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. हा हिशेब प्रत्येक भागासाठी आधी करून ठेवला, तर वखारीत अंदाजाने जास्त लाकूड उचलले जात नाही.

कपाटाचे कप्पे अडीच-तीन फुटांचेच असतात, त्यामुळे लांब फळ्यांचा आग्रह नको. वखारीत आखूड तुकडे बाजूला पडलेले असतात, ते मुद्दाम मागावेत. पाठीमागची बाजू भिंतीकडे जाते, तेथे सागवान घालण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. चिरलेली फळी रंध्याखाली बारीक होते, हेही यादीत धरावे.

उत्तर (केपे)
फणसाबद्दल लिहितो. झाड स्वतःच्या जमिनीत असले तरी ‘गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४’ लागू होतो, म्हणून तोडण्यापूर्वी वन खात्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी. ओंडका सॉ मिलमध्ये नेण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील, हेही तेथेच विचारून घ्यावे.

फणसाचा पिवळा गाभा उत्तम असतो आणि काळाबरोबर तपकिरी होत जातो, परंतु बाहेरच्या फिक्या भागाला कीड लवकर लागते. फळ्या चिरून आणल्यावर जमिनीपासून उंच, सावलीत आणि वाऱ्याच्या जागी रचाव्यात. प्रत्येक दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात आणि फळ्यांच्या टोकांना रंग फासावा, म्हणजे टोके तडकत नाहीत. ढोबळमानाने एक इंच जाडी वाळायला एक वर्ष लागते, त्यामुळे या कपाटासाठी तो फणस उपयोगी पडणार नाही, पुढच्या कामासाठी जरूर पडेल.

प्रश्नकर्ता (फोंडा)
आपणा सर्वांचे आभार. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून पॅकिंगच्या पेट्यांचे पाईन लाकूड मिळण्याची शक्यता आहे. ते बाकासाठी चालेल का?

उत्तर (डिचोली)
बाकासाठी नको, आपल्या पावसात उघड्यावर पाईन फार टिकत नाही. कपाटाच्या पाठीसाठी ते चालेल, मात्र त्यावरचा शिक्का पाहून घ्यावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले, ते घ्यावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घरात आणू नये. बाकासाठी माटीचे किंवा किंडळीचे जुने वासे शोधावेत आणि बसण्याच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवावी, म्हणजे पाणी साचणार नाही आणि पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगले तरी पट्ट्या एकमेकींना रेटणार नाहीत.