जी६पीडी जनुकातील दोष : बाळाची कावीळ आणि मामाची गोळ्यांनंतरची काळपट लघवी

प्रश्न :
आमच्या मुलाला जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी कावीळ वाढल्यामुळे निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले आणि पुढच्या तपासणीत जी६पीडी हे विकर (एन्झाइम) फारच कमी असल्याचे आढळले. हा दोष आईकडून येतो, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. माझ्या धाकट्या भावाला काही वर्षांपूर्वी हिवतापासाठी प्रायमाक्विन चालू असताना कोऱ्या चहासारखी काळपट लघवी झाली होती. मात्र त्याच आठवड्यात केलेली जी६पीडी तपासणी व्यवस्थित आली होती. या दोन गोष्टींचा संबंध असेल का? बाळाला पुढे वाल आणि पावटे द्यायचे नाहीत, असेही सासूबाईंना कोणी सांगितले आहे.

प्रतिसाद १ :
संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते. तुम्ही आणि तुमचा भाऊ एकाच आईची मुले असल्यामुळे दोघांकडे तोच दोष आलेला असू शकतो.

या जनुकापासून ५१५ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. ग्लुकोजवरील एका प्रक्रियेची पहिली पायरी ते घडवून आणते आणि त्यातून एनएडीपीएच हा सहायक रेणू मिळतो, ज्याच्या बळावर पेशीतील ग्लुटाथायोन पुन्हा पुन्हा कामास येते व ऑक्सिडीकारक पदार्थांपासून पेशीचे रक्षण करते. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवण्याचे आणखीही मार्ग असतात, परंतु तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतील ऊर्जाकेंद्रे) नसल्यामुळे तिची सारी भिस्त याच विकरावर असते. त्यातच केंद्रक नसल्याने, सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला हे विकर नव्याने बनवताही येत नाही. संरक्षण तोकडे पडले की हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे होतात आणि पेशी फुटते. प्रायमाक्विनने काहींच्याच पेशी का फुटतात, याचे हे उत्तर १९५६ साली अमेरिकेत मिळाले. त्यामागचे प्रयोग तुरुंगातील कैद्यांवर झाले होते, हेही विसरू नये.

प्रतिसाद २ :
भावाच्या त्या तपासणीवर विसंबून राहू नका. पेशी फुटतात तेव्हा विकर कमी झालेल्या जुन्या पेशी आधी जातात, उरलेल्या आणि नव्याने आलेल्या तरुण पेशींत ते जास्त असते. त्यामुळे ऐन वेळी काढलेला आकडा फसवा निघतो. सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करायला हवी होती. ती आता करून घ्यावी आणि तोवर प्रायमाक्विन टाळावे. तुमची स्वतःचीही तपासणी व्हावी, कारण स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते आणि सदोष गुणसूत्राचा वाटा मोठा असेल तर वाहक स्त्रीलाही त्रास होतो.

हा दोष आपल्याकडे नवखा नाही. कल्याण हा त्याचा प्रकार एका कोळी कुटुंबात आढळला होता. केरळ नावाचा प्रकार म्हणजे तेच उत्परिवर्तन (जनुकातील बदल) असल्याचे नंतर दिसून आल्यामुळे आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात.

प्रतिसाद ३ :
सासूबाईंना सांगा की घातक शेंग वेगळी आहे. भूमध्य सागराच्या परिसरात खाल्ल्या जाणाऱ्या आणि उत्तर भारतात बाकला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फावा बियांत अशा तांबड्या पेशी फोडू शकणारे व्हायसिन असते. वाल आणि पावटे त्या जातीचे नव्हेत. मला खरी काळजी डांबरगोळ्यांची वाटते. आजीने जपून ठेवलेली दुपटी आणि झबली ट्रंकेतून काढली की त्यांना तो उग्र वास येतोच, आणि त्यातील नॅफ्थलीन श्वासातून व कातडीतून बाळाच्या अंगात जाऊन रक्तपेशी फोडू शकते. ते कपडे वापरूच नका आणि घरातल्या गोळ्याही काढून टाका. डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटोइन, मेथिलीन ब्लू आणि रासब्युरिकेज या टाळायच्या औषधांची नावे बाळाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा. डोळे पिवळे दिसले, बाळ फिकट पडले किंवा लंगोटावर गडद डाग उमटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.