आतड्याचा टीबी की क्रोन्स? रिपोर्टवर दोन्ही नावं, एकेटी (टीबीची औषधं) मात्र सुरू करायला सांगितली आहे

सीनाकाठ

धाकट्या भावाबद्दल विचारतोय. वय 26, चाकणला कंपनीत शिफ्टवर असतो, घर नगर जिल्ह्यात. दिवाळीपासून बेंबीच्या खाली उजवीकडे दुखतंय. जेवून तास झाला की कळ येते, पोटात गुरगुर होते, एक गोळा इकडून तिकडे सरकल्यासारखा वाटतो आणि मग एकदम मोकळं होतं. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग जंताचं औषध, मग कुणी अपेंडिक्स म्हणालं. तोवर वजन 61 वरून 49 वर आलं. संध्याकाळी अंगात कणकण असते.

शेवटी पुण्यात पोटविकारतज्ज्ञांकडे नेलं. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण दिसले, मोठं आतडं सुरू होतं तिथली झडप विस्कटलेली आहे. सीटी एंटरोग्राफीत त्याच जागचं 6 सेंटिमीटर आतडं जाड आणि थोडं अरुंद झालंय, शेजारी गाठी आहेत. छातीचा एक्स-रे स्वच्छ. तुकडा तपासणीत लिहिलंय: ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे पुंजके) आहेत, केझेशन नाही, टीबीचे जंतू दिसले नाहीत, टीबी किंवा क्रोन्स (जंतूंशिवाय आतड्याला येणारी दीर्घकाळची सूज). टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी जीनएक्स्पर्ट चाचणी निगेटिव्ह.

डॉक्टर म्हणतात एकेटी सुरू करू आणि दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघू. दुसऱ्या एका डॉक्टरांना फाइल दाखवली, त्यांना क्रोन्स वाटतो, ते स्टेरॉइड द्या म्हणाले. वडिलांचं म्हणणं, रोगच ठरला नाही तर सहा महिने इतकी कडक औषधं कशाला? आईने त्याचं ताट, तांब्या वेगळा काढलाय, स्थळं बघणंही थांबवलंय. एक मित्र सांगतो की कॅमेऱ्याची गोळी गिळली की सगळं कळतं. काय करावं? पुरावा नसताना औषध सुरू करणं बरोबर आहे का?

येऊरची वाट

मी क्रोन्सची रुग्ण आहे, ठाण्यात राहते. माझ्याही फाइलवर अशीच दोन नावं होती आणि मलाही आधी एकेटीच दिली होती. पहिल्या महिन्यात ताप गेला, भूक लागायला लागली, वजन वाढलं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की टीबीच होता. सासूबाई म्हणाल्या, बरी झालीस ना, मग पुन्हा ती दुर्बीण आणि ते पोट साफ करायचं पाणी कशाला? डॉक्टरांनी मात्र ऐकलं नाही. दुसऱ्या कोलोनोस्कोपीत व्रण जसेच्या तसे होते. त्यानंतर क्रोन्सचं ठरलं आणि औषध बदललं. आता अॅझाथायोप्रिन आणि अॅडालिमुमॅबचं इंजेक्शन चालू आहे, नोकरी करते, लेकीला शाळेत सोडते. भावाला सांगा, दोन्हींपैकी काहीही निघालं तरी त्यावर उपचार आहेत.

पेशीवाचक

मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयात काम केलं, आतड्याचे असे तुकडे आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सीनाकाठ, तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या रिपोर्टबद्दल. दोन नावं लिहिली म्हणजे पॅथॉलॉजिस्टने अंग काढून घेतलं असं समजू नका. कोलोनोस्कोपीच्या चिमट्याने निघतो तो तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, तोही आतड्याच्या आतल्या अस्तराचा. टीबीचे ग्रॅन्युलोमा बरेचदा त्याखालच्या थरात असतात, तिथवर चिमटा पोचेलच असं नाही. टीबीत ते मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मधोमध मेलेल्या पेशींचा चुरा असलेले मिळाले, तर आम्ही ठामपणे लिहितो. या चुऱ्यालाच केझेशन म्हणतात. क्रोन्समध्ये ते लहान, सुटे आणि विरळ असतात. पण या दोन टोकांच्या मधलेच तुकडे जास्त येतात. तुमच्या भावाचा तसाच आहे.

मग जंतू का दिसले नाहीत? काचेवर पसरलेल्या थुंकीत (स्मिअरमध्ये) जंतू दिसायला एका मिलिलिटरमागे साधारण 5,000 ते 10,000 जंतू लागतात. आतड्याच्या टीबीत तर ते मुळातच फार कमी असतात. जीनएक्स्पर्टचंही तेच. पॉझिटिव्ह आलं तर मोठा आधार मिळतो, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेसुद्धा त्यातच समजतं. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही, असं आतड्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. आता एक गोष्ट विचारून घ्या: तुकडे कशात घालून पाठवले होते? फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्या तुकड्यांचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होऊच शकत नाही. कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठी वेगळे तुकडे साध्या सलाइनमध्ये, ताजे पोचवावे लागतात. कल्चर पाठवलं असेल तर निकालाला सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. तो कागद विसरू नका. मी असे कितीतरी रिपोर्ट कपाटात पडून राहिलेले पाहिलेत, घ्यायला कुणी आलंच नाही. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

रक्तावरून ठरवू पाहणाऱ्यांपासून सावध राहा. टीबीच्या अँटिबॉडी बघणाऱ्या रक्तचाचण्यांवर भारत सरकारने 2012 मध्येच बंदी घातली. मॅन्टू (कातडीवरची) आणि टीबी गोल्ड (रक्ताची) या चाचण्या शरीरात कधीतरी जंतू शिरला होता एवढंच सांगतात. आपल्याकडे हे असंख्य निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येतं, त्यामुळे व्रण कशाचे आहेत ते त्यावरून ठरत नाही.

बाकीच्या खुणा एकत्र वाचायच्या असतात. टीबीचे व्रण बहुधा आडवे, आतड्याच्या घेराला धरून असतात, झडप उघडी पडलेली असते, रोगाचा पट्टा आखूड असतो, आणि गाठी एक सेंटिमीटरहून मोठ्या व मध्यभागी मेलेल्या असतात. क्रोन्सचे व्रण लांबीच्या दिशेने जातात, मध्ये चांगलं आतडं सोडून पुढे पुन्हा दिसतात, गुदद्वाराजवळ भगंदर होऊ शकतं. संध्याकाळची कणकण, झडपेची अवस्था आणि 6 सेंटिमीटरचाच पट्टा ही तुमच्या वर्णनातली पारडी मला टीबीकडे झुकलेली दिसतात. गाठी किती मोठ्या आहेत ते सीटीच्या रिपोर्टमध्ये बघा. अर्थात मी फाइल पाहिलेली नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

आता एकेटी आधी का, स्टेरॉइड का नाही? टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर काही दिवस पोट शांत होतं आणि आत जंतू मोकळे सुटतात. रोग पोटभर, शरीरभर पसरू शकतो, आतड्याला छिद्र पडू शकतं. उलट क्रोन्स असताना दोन महिने एकेटी दिली तर काही नुकसान होतं, पण ते मर्यादित असतं. ते मर्यादित राहण्याची अट मात्र एकच: दोन महिन्यांनी थांबून बघायचं. क्रोन्सला तशीच सहा-नऊ महिने एकेटी देत राहिलं तर तेवढ्या काळात आतडं आकसत जाऊ शकतं आणि शेवटी कापावं लागू शकतं.

म्हणून येऊरच्या ताईंनी लिहिलंय ते भावाला दोनदा वाचून दाखवा. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांनाही एकेटीवर सुरुवातीला बरं वाटतं. ताप, भूक, वजन यांवरून ठरवू नका. टीबी असेल तर दोन महिन्यांत व्रण भरलेले किंवा स्पष्टपणे भरत आलेले दिसतात. क्रोन्स असेल तर रुग्ण हसत आला तरी व्रण तिथेच असतात. जोडीला सूज किती आहे ते सांगणारं शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन आणि रक्तातलं सीआरपी आज तपासून ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा करा. ते उतरलं तर आधार आहे, पण दुर्बिणीला तो पर्याय नाही. तुमच्या डॉक्टरांनी दुसरी दुर्बीण आधीच सांगून ठेवली आहे, माझ्या मते ते बरोबर वाटेवर आहेत.

ही कोंडी आजची नाही. ग्लासगोचे सर्जन डेलझील यांनी 1913 मध्ये असे रुग्ण नोंदवले तेव्हाही दिसायला टीबीसारखं आणि जंतूंचा पत्ता नाही, हेच कोडं होतं. ज्यांच्या नावावरून हा रोग ओळखला जातो त्या न्यूयॉर्कच्या क्रोन यांचा गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर यांच्यासोबतचा लेख त्यानंतर आला, 1932 मध्ये.

कॅमेऱ्याची गोळी सध्या अजिबात नको. आतडं अरुंद आहे असं सीटीच सांगतंय. गोळी तिथे अडकली तर ती काढायला शस्त्रक्रिया करावी लागू शकते. शिवाय ती फक्त चित्रं काढते, तुकडा घेत नाही. तुमचा प्रश्न तुकड्यावर आणि व्रण भरण्यावर अडलाय.

आणि आईंना सांगा, ताट-तांब्या पुन्हा एकत्र करा. टीबी पसरतो तो फुप्फुसाचा, खोकल्यातून. छाती स्वच्छ आहे. खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, म्हणजे शंकाच राहणार नाही. पोटातला टीबी एका ताटात जेवल्याने घरच्यांना होत नाही. आजारी मुलाला घरात वेगळं बसून जेवायला लावणं मला फार लागतं, वॉर्डात मी ते खूप पाहिलंय.

माणदेशी आरोग्यसेवक

मॅडमनी रोगाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. टीबीची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनासुद्धा. टीबी रुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली का ते विचारा. नोंद झाली की औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते. आधार आणि पासबुकची प्रत लागते. चाकणला राहतो तर तिथल्याच केंद्राशी जोडून घ्या, नाहीतर गोळ्यांसाठी दर महिन्याला नगरला यावं लागेल आणि तिथेच खंड पडतो.

गोळ्या वजनावर असतात. 49 किलोला रोज तीन, 50 च्या पुढे चार. त्याचं वजन अगदी काठावर आहे, वाढलं की सेविकेला सांगून पुन्हा ठरवून घ्या. लघवी केशरी होईल, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, रंग नीट ओळखू येईना, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दारू पूर्ण बंद. यकृताची तपासणी सुरू करण्याआधी एकदा झालेली असू द्या.

सीनाकाठ

सगळ्यांचे आभार. आज विचारून आलो. तुकडे एकाच बाटलीत, फॉर्मलिनमध्येच गेले होते. जीनएक्स्पर्ट कशावर केलं ते कुणी नीट सांगेना. वडिलांना मॅडमचं उत्तर वाचून दाखवलं, ते तयार झालेत. परवापासून एकेटी सुरू. अजून दोन प्रश्न. तो भाकरी खातो आणि दुखतं, मग काय द्यायचं? आणि औषधाने टीबी गेला तरी अरुंद झालेलं आतडं पुन्हा सरळ होतं का?

पेशीवाचक

खाण्याचं आधी. अरुंद जागेत चोथा अडकतो. सध्या पेरू, कणीस, ओल्या नारळाचे तुकडे, मोडाची कच्ची कडधान्यं, पालेभाज्यांचे देठ, शेंगदाणे बंद. मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, दही, शिजवून मऊ केलेला दुधी, केळं चालेल. भाकरी हवीच असेल तर वरणात भिजवून, कुस्करून, थोडी. एकदम पोटभर नको, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. शिफ्टमध्ये डबा विभागून खायला सांगा. बी12 तपासून घ्या. ते लहान आतड्याच्या याच शेवटच्या भागातून शोषलं जातं, आणि तोच भाग आजारी आहे. कमी निघालं तर इंजेक्शन लागेल.

पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, वारा आणि शौच दोन्ही बंद झालं तर आतडं पूर्ण अडलंय. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात न्या, सकाळची वाट बघू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. सुजेमुळे आलेला अरुंदपणा औषधाने जातो. व्रण भरताना जो कडक वण तयार होतो तो राहतो, टीबी बरा झाला तरी. कधी फुगा घालून दुर्बिणीतूनच जागा रुंद करता येते, कधी तेवढा तुकडा काढावा लागतो. कधी तुकडा न काढता आतडं उभं चिरून आडवं शिवतात, म्हणजे लांबी वाचते आणि वाट रुंद होते. ही शेवटची पद्धत चंदीगडच्या कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीच्या रुग्णांवर केली आणि 1977 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तीच क्रोन्सच्या रुग्णांसाठी परदेशात उचलली गेली. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. तुमच्या भावाला यातलं काही लागेल असं आज कुणीच सांगू शकत नाही, आधी औषधाला काम करू द्या.

एकेटीची मुदत सहसा सहा महिने असते. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने झालेली, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे, तीत पोटाच्या टीबीला सहा महिने आणि नऊ महिने सारखेच परिणामकारक ठरले. कुणी उगाच लांबवत असेल तर कारण विचारा.

दुसऱ्या दुर्बिणीची तारीख आत्ताच घेऊन ठेवा, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे, म्हणजे आधीचे आणि नंतरचे व्रण एकाच नजरेने पाहिले जातील. पहिल्या वेळचे फोटो फाइलमध्ये हवेत. व्रण उरलेच असतील तर या वेळी निदान आठ तुकडे, व्रणाच्या कडेचे आणि तळाचे, आणि बाटल्या दोन: एक फॉर्मलिनची, एक सलाइनची. हे आधीच्या दिवशी डॉक्टरांना विनंती म्हणून सांगा, चांगले डॉक्टर रागावत नाहीत. रिपोर्ट आला की नाव-पत्ता झाकून याच धाग्यावर टाका, मी वाचेन.