मदत हवी आहे: बोटीने मुंबईला आलेल्यांची जाखडीची गाणी

नमस्कार मंडळी. आम्ही लालबाग-परळची सहा जणं तासाभराचा नाट्यप्रयोग बसवतोय. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला चाकरमानी आणि त्याच्यासोबत आलेलं गाणं, हा विषय. गावची जाखडी, म्हणजे कोकणातला गाण्यावरचा सामूहिक नाच, इथे आली आणि नाचणाऱ्यांच्या कानातल्या बाळीवरून ‘बाल्या नाच’ झाली, असं सांगतात. नाव मुंबईने दिलं, पण गणपतीला माणूस गावीच धावला. मला नेमकी हीच ओढाताण रंगमंचावर आणायची आहे.

आजोबांचा पायात बांधायचा चाळ ट्रंकेत सापडला. पितळी घुंगरं अजून वाजतात, सुतळी मात्र हात लावला की तुटते. त्यांची गाणी कुणीच लिहून ठेवली नाहीत, याचं फार वाईट वाटतं. शक्ती आणि तुरा या जाखडीतल्या दोन प्रतिस्पर्धी पक्षांच्या सवाल-जवाबातली पदं आहेत आमच्याकडे, प्रवासाची नाहीत.

तुमच्या घरात १९८२ च्या गिरणी संपाआधी गिरणगावात नाचलेलं, गायलेलं कुणी आहे का? दोन ओळी आठवत असतील तरी चालेल, मी घरी येऊन ऐकेन. आणि हो, मृदंगवाला अजून मिळालेला नाही. तालीम रविवारी सकाळी, परळला. कुणी सुचवाल का?