पक्ष्यांच्या रॉ फोटोंसाठी कोणतं सॉफ्टवेअर? निवड एकीकडे, डेव्हलपिंग दुसरीकडे असं चालेल का?

मंडळी, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. कॅमेरा निकॉन डी५००, लेन्स २००-५००. हिवाळ्यात भिगवणला जाणं होतं. सूर्य वर यायच्या आधीच होडीतून फोटो सुरू होतात, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ते ६४०० नेहमीचाच. रोहित (फ्लेमिंगो) किंवा पट्टकदंब उडाले की बर्स्ट (सलग भराभर फ्रेम), आणि एका सकाळचे शेकडो रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल्स) घरी येतात. त्यातले डेव्हलप करण्याजोगे जेमतेम दहा-पंधरा. माझा बहुतेक वेळ डोळा शार्प आलेली फ्रेम शोधण्यात जातो. आणि 'चित्रबलाक, घरटं' असं शोधलं की जुना फोटोही लगेच सापडायला हवा.

लॅपटॉप विंडोजचा, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

लाइटरूम क्लासिकमध्ये हे सगळं एकाच जागी होतं, हे मान्य. पण लाइटरूम ६ नंतर एकरकमी परवाना मिळत नाही आणि वर्गणी थांबली की डेव्हलप मॉड्यूल बंद. जुन्या फोटोंवर पुन्हा हात फिरवायला दरमहा पैसे भरत राहणं मला पटत नाही. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, रंगही कॅमेऱ्यातल्यासारखे येतात, पण इतक्या फोटोंचा संग्रह त्यात सांभाळणं मला जमेलसं वाटत नाही.

म्हणून मनात असं आहे: निवड, रेटिंग आणि कीवर्ड डिजीकॅममध्ये, डेव्हलपिंग डार्कटेबल किंवा डीएक्सओ फोटोलॅबमध्ये. एका सॉफ्टवेअरचं एडिटिंग दुसऱ्यात जसंच्या तसं उघडत नाही, हे गृहीतच धरलंय. रेटिंग आणि कीवर्ड मात्र एक्सएमपी फाइलमधून (फोटोची माहिती ठेवणारी छोटी जोडफाइल, म्हणजेच साइडकार) सगळीकडे जायला हवेत, म्हणजे पुढे डेव्हलपिंगचं सॉफ्टवेअर बदललं तरी संग्रह शाबूत राहील.

अडचण इथेच आहे. डिजीकॅम आणि डार्कटेबल दोन्ही साइडकारला एकच नाव देतात (फाइलच्या पूर्ण नावापुढे .एक्सएमपी), आणि डार्कटेबल आपली एडिटिंग हिस्टरीही त्यातच ठेवतं. डिजीकॅममध्ये नंतर कीवर्ड बदलला तर ती हिस्टरी टिकते का? कुणी दोन्ही एकत्र वापरत असेल तर सेटिंग काय ठेवलंय, ते नक्की सांगा. माझे कीवर्ड देवनागरीत आहेत, तेही नीट जातात का?

दुसरं, नॉइज, म्हणजे जास्त आयएसओला फोटोत येणारे दाणे. डीएक्सओचं डीपप्राइम हे नॉइज काढणारं तंत्र रॉ डेटावरच काम करतं आणि भुरकट पहाटेच्या पिसांत त्याचा फरक स्पष्ट दिसतो. पण ग्राफिक्स कार्डाशिवाय एका फोटोला किती वेळ लागतो? दहा-पंधराच फोटो असल्याने थोडं थांबायला हरकत नाही. की डार्कटेबलचं प्रोफाइल्ड डीनॉइज ६४०० आयएसओला पुरेसं होतं? डी५०० किंवा डी७५०० वापरणाऱ्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

एकदाच भरायचे असतील तर पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे.