मिनी आणि गॅलक्सी एकाच शर्यतीत? गुडवूडला नेमकं काय बघायचं?

कडेकडेने
सप्टेंबरात गुडवूड रिव्हायव्हलला, म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींना, जायचं ठरतंय. १२७५ सीसीची मिनी कूपर एस आणि ७ लिटरची फोर्ड गॅलक्सी एकत्र पळतात, तर चुरस होते कशी? आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत नवख्याने काय बघावं? आजवर फक्त फॉर्म्युला वन पाहिलंय.

डबलक्लच
सरळ पट्ट्यावर उभे राहू नका. लॅव्हंट स्ट्रेटला गॅलक्सी मिनीला गिळणारच. पण तिचं वजन मिनीच्या दुपटीहून जास्त, म्हणून ब्रेक आधी मारावा लागतो. चारसहा फेऱ्यांत ब्रेक तापतात, पुढचे टायरही तिचेच आधी दमतात. मिनी मॅजविकच्या वळणात फारसा वेग न सोडता शिरते आणि गेलेलं अंतर वसूल करते. सेंट मेरीज आणि वुडकोट, या दोन्ही वळणांवर स्टॉपवॉचने अंतर मोजा, शर्यत कळेल. पाऊस आला तर मिनीच.

दुसरं, इथे ड्रायव्हरचे हात बघा. १९६६पर्यंतच्या या गाड्यांना हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवणारे पंख नाहीत आणि टायर क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धाग्यांचे थर तिरके एकमेकांवर असलेले, जुन्या पद्धतीचे. आजचा रेडियल टायर पकड सोडतो तो झटकन. क्रॉसप्लाय बराच आधीपासून सरकत सरकत सांगत राहतो. म्हणून गाडी पूर्ण वळणभर तिरकी दिसते, आणि निम्मं स्टिअरिंग अ‍ॅक्सिलरेटरनेच होतं.

साखळीगँग
युद्धपूर्व म्हणाल तर ईआरए ही ब्रिटिश रेसिंग कार चुकवू नका. १९३४पासूनची, सुपरचार्जरवाली (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप). तिचा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स मजेशीर: पुढचा गिअर दांड्याने आधीच निवडून ठेवायचा, पेडल दाबलं की तो पडतो. पेडल तळापर्यंतच दाबायचं. अर्धवट दाबलं तर आतला पट्टा नीट आवळला जात नाही, घसरून जळतो, आणि पेडल पायावर सणसणीत उलटतं.

फ्रेझर नॅश ही साखळीवर चालणारी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार मात्र इंग्लंडमधल्याच प्रेस्कॉटच्या चढाच्या शर्यतीत बघा. प्रत्येक गिअरला वेगळी साखळी, आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरेन्शियल नाही. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळणात शेपूट बाहेर काढल्याशिवाय ती वळतच नाही. अ‍ॅक्सल मागे सरकवून साखळ्या ताणायच्या. पण झीज सारखी नसते, एक ताठ तर दुसरी सैल. सर्वांत ताठ साखळी धरून ताण ठरवावा, नाहीतर तीच तुटते.

कडेकडेने
भारी! अशा गाड्यांच्या धुराला गोडसर वास येतो म्हणतात, तो कसला?

डबलक्लच
एरंडेलाचा. हो, पोट साफ करायचं तेच. तापल्यावरही धातूला चिकटून राहतं म्हणून रेसिंगमध्ये आलं. पण खनिज तेलात मिसळत नाही. इंजिन एकावरून दुसऱ्यावर न्यायचं तर पूर्ण खोलून धुवावं लागतं, नाहीतर चिकट गाळ होऊन तेलवाटा तुंबतात.

साखळीगँग
भर घालतो: ईआरएसारख्या गाड्या पेट्रोलऐवजी मिथेनॉल या अल्कोहोलवर पळतात. ते पाणी शोषतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं, म्हणून शर्यत संपली की टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून थोडा वेळ पेट्रोलवर इंजिन चालवतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करतात तिथे, फिरताना हे काम चाललेलं दिसलं तर लांबून बघा. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही.